खापरासमोरचा लाल चेहरा: रोझेशियाचं एक प्रकरण

तक्रार

रुग्ण 43 वर्षांच्या ताई, अमळनेर तालुक्यातल्या. खापरावरच्या, म्हणजे चुलीवर उपड्या ठेवलेल्या मातीच्या भांड्यावर भाजलेल्या, पुरणपोळ्या ऑर्डरीने करून देणं हा त्यांचा आणि त्यांच्या जावेचा धंदा. आखाजी (अक्षय्य तृतीया), लग्नसराई आणि पितृपक्ष हे कमाईचे दिवस. पोळ्याच्या आठवड्यात त्या आल्या तेव्हा पितृपक्षाच्या ऑर्डरी घेऊन झाल्या होत्या, म्हणून घाई होती. तक्रार एका वाक्यात सांगून मोकळ्या झाल्या: “तोंडनी नुसती आग व्हस मॅडम, आन् लाली काही जात नही.”

त्रास साधारण चार वर्षांपूर्वी सुरू झालेला. पहिल्यांदा फक्त खापरासमोर बसलं की गाल तापायचे, काम संपलं की अर्ध्या तासात निवायचे. मग निवायला दुपार लागायला लागली. पुढे रात्रभर झोप घेऊनही सकाळी आरशात गाल, नाकाचा शेंडा आणि हनुवटी तांबूसच. मधूनमधून पुळ्या. त्यांचा रंग गव्हाळ आहे. अशा कातडीवर लाली पुस्तकातल्या फोटोसारखी गुलाबी दिसत नाही, काळसर तांबूस दिसते. त्यामुळे गावात कुणी तिला वांग म्हटलं, कुणी अंगातली उष्णता. सब्जा, गुलकंद, मुलतानी माती, बेसन-लिंबू हे सगळं करून झालं होतं. एका लग्नात पंगतीत बसलेल्या बाईने हसत हसत “घेता की काय तुम्ही?” असं विचारलं, त्यानंतर त्यांनी ऑर्डर पोचवायला स्वतः जाणं बंद केलं.

त्यातच तालुक्याच्या एका औषध दुकानातून ‘वांगाची क्रीम’ मिळाली. त्यांनी ट्यूब सोबत आणली होती. आत हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटॅसोन, म्हणजे डाग उजळवणारं एक औषध, कातडी सोलणारं एक आणि वर स्टेरॉइड. पहिल्या महिन्यात चेहरा लख्ख झाला. नंतर एक दिवस लावली नाही की आग, म्हणून पुन्हा लावायची. असं जवळजवळ दोन वर्षं रोज. 2018 मध्ये केंद्र सरकारने 14 स्टेरॉइड मलमं शेड्यूल एच मध्ये टाकली, म्हणजे ती डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. आमच्याकडे काउंटरवर ती अजून पावडर-कुंकवासारखी मागितली जातात आणि दिलीही जातात.

काय दिसलं

अशा चेहऱ्याची तपासणी ट्यूबलाइटखाली करू नये. ताईंना खिडकीजवळ बसवलं. गाल, नाक, हनुवटी आणि कपाळाचा मध्य इथे न हटणारी लाली. काचेची स्लाइड गालावर दाबली तर बहुतेक रंग उडाला, सोडली की परत भरला. वांग असतं तर दाबून रंग जागचा हलला नसता, कारण तो रंगद्रव्याचा असतो, रक्ताचा नसतो. एवढ्याशा काचेने दोन वर्षांचा घोटाळा सुटतो. नाकपुड्यांच्या कडेला बारीक लाल दोरे, म्हणजे फुगून कायमच्या उघड्या राहिलेल्या केशवाहिन्या. गालांवर सात-आठ लाल पुळ्या, पण तारुण्यपीटिकांमध्ये असतात तशी काळी किंवा पांढरी टोकं एकही नाही. गालावर लव वाढलेली आणि कातडी पातळ चकचकीत झालेली, हे स्टेरॉइडचं देणं.

डोळ्यांचं त्यांनी आपणहून सांगितलं नव्हतं. विचारल्यावर म्हणाल्या, वाळू गेल्यासारखं टोचतं, पण ते धुराने. पापण्यांच्या कडा लाल होत्या. रोझेशियात, म्हणजे चेहऱ्यावर कायमची लाली आणणाऱ्या त्वचेच्या या आजारात, डोळे बऱ्याच जणांचे त्रास देतात आणि रुग्ण ते त्वचेच्या डॉक्टरला सांगायचं मनातही आणत नाही.

इतर शक्यता पाहणं भाग होतं. लाल गाल म्हटलं की ल्युपसची, म्हणजे शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःवरच उलटते त्या आजाराची, शंका यायलाच हवी. पण ल्युपसची लाली नाक आणि ओठांमधली घडी बहुधा सोडून देते, शिवाय सांधेदुखी, तोंडात फोड, केस गळणं यांपैकी काही नव्हतं. तरी एएनए ही ल्युपससाठीची रक्तचाचणी केली, ती निगेटिव्ह आली. घडीत किंवा भुवयांत कोंडा नव्हता, म्हणून सेबोरिक डर्मटायटिस, म्हणजे तेलकट कोंड्याचा त्वचारोग, मागे पडला. पाळी नियमित होती आणि रात्री घाम फुटत नव्हता, त्यामुळे पाळी जातानाचे झटके म्हणता येईना. वाफ आणि धुराने येणाऱ्या साध्या खाजेचाही विचार केला, पण पावसाळ्यात ऑर्डरी नसताना आठवडेच्या आठवडे चूल न पेटवताही लाली तशीच राहिली होती. माझ्या दृष्टीने निदानातला सर्वांत वजनदार पुरावा हाच. चेहऱ्याच्या मध्यभागी कायम टिकणारी आणि अधूनमधून भडकणारी लाली असली की 2017 च्या निकषांप्रमाणे रोझेशिया म्हणायला तेवढंच पुरे. 2002 सालची चार प्रकारांची जुनी वाटणी आता मागे पडली आहे. ते बरंच झालं, कारण या ताई एकट्या त्यातल्या तीन खान्यांत बसल्या असत्या.

एक गोष्ट औषधांच्या पिशवीत सापडली. रक्तदाबासाठी त्या ॲम्लोडिपिन घेत होत्या. या गोळीने रक्तवाहिन्या सैल होतात, तेच तिचं काम. काही जणांचा चेहरा तिने तापतो. रोझेशिया तिने झाला असं मी म्हणणार नाही, पण पेटत्या चुलीत एक लाकूड तिनेही टाकलेलं असू शकतं.

निदान कसं सांगितलं

रोझेशिया हा शब्द ऐकून त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही, आणि त्यात नवल नाही. मी त्यांना सांगितलं की रक्त खराब नाही, लिव्हर खराब नाही, हा लागट आजार नाही. चेहऱ्याच्या नसा आणि रक्तवाहिन्या जरा जास्त हळव्या आहेत. शरीराची जंतूंशी लढणारी यंत्रणा इथे विनाकारण सावध राहते. 2007 मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं की रोझेशियाच्या कातडीत कॅथेलिसिडिन नावाचं संरक्षक प्रथिन प्रमाणाबाहेर असतं आणि त्याचे चुकीचे तुकडे पडतात. ते तुकडे सूज आणतात, नव्या केशवाहिन्याही फुटवतात. त्यात प्रत्येकाच्या केसांच्या मुळाशी राहणारे डेमोडेक्स किडे या रुग्णांच्या चेहऱ्यावर संख्येने जास्त सापडतात.

उष्णतेचं गावकऱ्यांचं म्हणणं मी खोडून काढलं नाही. उष्णता आहेच, फक्त ती पोटातून वर चढलेली नाही, समोरच्या खापराची आहे. कातडीतल्या मज्जातंतूंवर टीआरपीव्ही-1 नावाचा एक ग्राहक असतो. साधारण 43 अंशांच्या पुढची उष्णता त्याला जागं करते आणि मिरचीतलं कॅप्सेसिनही त्यालाच जागं करतं. या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना 2021 चं नोबेल मिळालं. खान्देशात मे महिन्यात पारा 44-45 ला टेकतो, वर लाकडावर तापलेलं खापर आणि जेवायला तर्रीची शेवभाजी. ताईंनी लगेच मुद्द्याला हात घातला: “मंग काय, आते खापर सोडी देऊ का?”

‘उष्णता टाळा’ हे वाक्य मी चिठ्ठीवर लिहीत नाही. ज्या बाईच्या घरातला महिना त्या खापरावर चालतो तिला ते लिहून देणं म्हणजे उपचार न करण्याचा सभ्य मार्ग.

पहिला टप्पा: क्रीम सोडवणं

ट्यूब त्याच दिवशी बंद केली. पुढे काय होणार हे जावेलाही समोर बसवून सांगितलं: दोन-तीन आठवडे चेहरा आत्ता आहे त्याहून वाईट दिसेल, पुळ्या वाढतील, आग वाढेल. स्टेरॉइडने आवळून धरलेल्या वाहिन्या सुटल्यावर हे होतंच. तरी दहाव्या दिवशी फोन आला. जाऊ म्हणत होती, “औषध उलटं पडनं, बंद करी टाकू का?” इथेच बहुतेक बायका पुन्हा ट्यूबकडे वळतात. ताई वळल्या नाहीत, याचं श्रेय मी औषधापेक्षा जावेला देते. तिने ती ट्यूब चुलीत टाकली होती.

या काळात चेहऱ्याला फार कमी दिलं. दिवसातून दोनदा सौम्य क्लीन्झर, हाताच्या बोटांनीच, घासणी नाही. अंघोळीचा साबण, बेसन, लिंबू, तुरटी बंद. बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर. गार पाण्यात पिळलेलं सुती फडकं चेहऱ्यावर थोडा वेळ. पोटातून डॉक्सिसायक्लिन. इथे ते जंतू मारण्यापेक्षा सूज उतरवायला वापरतात, म्हणून 40 मिलिग्रॅमच्या हळूहळू सुटणाऱ्या गोळीला 100 मिलिग्रॅमइतकंच यश मिळतं आणि पोटाचा त्रास कमी होतो. घेताना ग्लासभर पाणी प्यायचं आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर गोळी अन्ननलिका भाजते. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईला हे औषध देत नाही, इथे तो प्रश्न नव्हता. आग शमल्यावर रात्री आयव्हरमेक्टिन 1 टक्का क्रीम सुरू केली. नाव ऐकून त्या म्हणाल्या, हे कोरोनात गोळीत द्यायचे तेच ना? तेच. इथे मात्र ते चेहऱ्यावरचे किडे आणि सूज दोन्हींसाठी लावायचं.

पापण्यांसाठी कोमट फडक्याचा हलका शेक आणि कडा पुसणं. ज्याला उष्णतेचा त्रास त्यालाच शेक सांगायचा हे विचित्र वाटतं, पण तो पापण्यांपुरता, थोडा वेळ आणि खरोखर कोमट. डोळ्यांच्या डॉक्टरांनाही एकदा दाखवून घेतलं. बुबुळ ठीक होतं.

रक्तदाबाबद्दल त्यांच्या फिजिशियनशी बोलले. दम्याचा इतिहास नव्हता, नाडी मंद नव्हती, म्हणून त्यांनी ॲम्लोडिपिन बदलून कार्व्हेडिलॉल लहान मात्रेत सुरू केलं. हे रक्तदाबाचंच औषध, आणि चेहऱ्यावर एकदम रक्त चढण्याचे झटके कमी करायला रोझेशियात ते वापरतात, जरी त्यासाठी त्याला अधिकृत मान्यता नाही. जेवणासोबत घ्यायचं आणि चुलीसमोरून उठताना झटकन उभं राहायचं नाही, हे दोनदा बजावलं. रक्तदाबाची गोळी स्वतःहून बदलायची नसते, हे वाचणाऱ्यांसाठी वेगळं सांगते.

पुळ्या गेल्या, लाली राहिली

डिसेंबरच्या सुरुवातीला डॉक्सिसायक्लिन थांबवलं. पुळ्या पूर्ण गेल्या होत्या, डोळे टोचत नव्हते, गालांना हात लावला तर चटका बसत नव्हता. पण ताई खूश नव्हत्या. “लाली तशीच शे,” म्हणाल्या. प्रत्येक वेळी दवाखान्यातल्या त्याच भिंतीसमोर, त्याच खिडकीच्या उजेडात फोटो काढत होते. ते शेजारी शेजारी ठेवून पाहिल्यावर लाली कमी झालेली कळत होती, पण होती. त्यांचं म्हणणं खरं होतं.

रोझेशियाच्या उपचारात लोक सर्वांत जास्त निराश होतात ते इथे. आयव्हरमेक्टिन, मेट्रोनिडॅझोल, अझेलाइक ॲसिड, डॉक्सिसायक्लिन ही सगळी सुजेवरची औषधं. पुळीभोवतीची लाली पुळीबरोबर जाते. झटक्याने चढणारी लाली वाहिन्यांच्या ताणाची असते, तिला कार्व्हेडिलॉल आणि चुलीची नवी मांडणी (ती पुढे सांगते) लागली. पण वर्षानुवर्षं फुगून राहिलेली वाहिनी कुठल्याही सूज उतरवणाऱ्या मलमाने मिटत नाही. तिला एकतर काही तास आवळायचं, नाहीतर कायमची बंद करायची.

आवळणारं औषध म्हणजे ब्रिमोनिडिन 0.33 टक्के जेल, अमेरिकेत 2013 मध्ये मंजूर झालेलं. अर्ध्या तासात परिणाम दिसू लागतो, तीन ते सहा तासांत सर्वाधिक, बारा तासांपर्यंत उतरतो. 2017 मध्ये ऑक्सिमेटाझोलिन 1 टक्का क्रीमलाही तिथे मंजुरी मिळाली. नाक चोंदल्यावर घालतात त्या थेंबांत हेच औषध वेगळ्या प्रमाणात असतं. यूट्यूबवर पाहून ते थेंब गालाला लावणारे रुग्ण मी पाहिले आहेत, तसं करू नये.

घरातल्या एका लग्नासाठी ताईंना ब्रिमोनिडिन हवं होतं. आधी जबड्याखाली, मग एका गालावर वाटाण्याएवढं लावून बघितलं. दोन तासांत गाल इतका फिका पडला की त्या आरशासमोरून हलेनात. रात्री मात्र तोच गाल दुसऱ्यापेक्षा जास्त लाल आणि गरम झाला. असं उलटणं या औषधात काही जणांना होतं, म्हणूनच लग्नाच्या दिवशी पहिल्यांदा ते लावायचं नसतं. ताईंनी स्वतःच ठरवलं की हे नको. स्टेरॉइडच्या ट्यूबने एकदा तोंड पोळलेलं, त्यात लावलं की उजळ आणि उतरलं की लाल हा खेळ त्यांना पुन्हा नको होता. मला तो निर्णय पटला.

मग उरला लेसर. पल्स्ड डाय लेसर 585 किंवा 595 नॅनोमीटरवर हिमोग्लोबिनला नेमका धरतो आणि गोऱ्या कातडीवर तो उत्तम. गव्हाळ कातडीत मेलॅनिन हे कातडीचं रंगद्रव्यही तो प्रकाश शोषतं, म्हणून भाजण्याची आणि डाग पडण्याची भीती जास्त. आयपीएलची, म्हणजे तीव्र प्रकाशाच्या झोतांच्या उपचाराची, तर मला अशा चेहऱ्यावर आणखी धास्ती वाटते, कारण त्यात एक लहर नसून लहरींचा पट्टा असतो, आणि ‘फोटो फेशियल’ म्हणून ते पार्लरपर्यंत पोचलं आहे. 1064 नॅनोमीटरचा लाँग-पल्स एनडी-याग लेसर मेलॅनिनकडे तुलनेने दुर्लक्ष करतो आणि खोल जातो. लाली पुसण्यात तो पल्स्ड डायइतका तरबेज नाही, दिसणाऱ्या दोऱ्यांवर चांगला. ताईंना नाशिकला पाठवलं. कानाजवळ चाचणीचा ठिपका घेतला, डाग पडला नाही हे पाहिलं, मगच नाकपुड्या आणि गाल. बैठका थंडीतच उरकल्या, महिन्या-दीड महिन्याच्या अंतराने, कारण लेसरनंतर मार्चचं ऊन अंगावर घेणं म्हणजे डाग मागून घेणं.

चुलीची मांडणी

खर्चात सर्वांत स्वस्त आणि माझ्या मते परिणामात सर्वांत मोठा भाग हा. खापरावरच्या पोळीची दोन कामं असतात: पुरण भरलेला गोळा हातावर झेलत झेलत रुमालाएवढा पातळ करणं, आणि तो उपड्या खापरावर टाकून भाजणं. ताईंचा हात बसलेला, म्हणून दोन्ही त्याच करायच्या आणि जाऊ पुरण बघायची. आता अर्ध्या अर्ध्या तासाने पाळी बदलायची ठरली. हातावर मोठी करणारीने चुलीपासून दूर, दाराकडे उभं राहायचं. जावेच्या पोळ्या पहिले काही दिवस फाटल्या, मग जमल्या.

टेबल फॅन बाजूने, असा की वारा चेहऱ्यावर येईल आणि जाळ भडकणार नाही. मानेभोवती ओला पंचा, तोंडात बर्फाचा खडा. बर्फ चघळल्याने चेहऱ्यावर चढणारी लाली कमी होते. काम पहाटे चारला सुरू, नऊच्या आत बंद. चुलीसमोर सनस्क्रीनचा उपयोग नाही, ते सूर्याचे अतिनील किरण अडवतं, जाळाची धग नाही. घराबाहेर पडताना मात्र रोज, आणि आयर्न ऑक्साइडचा रंग असलेलं, कारण पांढऱ्या झिंक-टायटॅनियमच्या क्रीमने गव्हाळ चेहरा राख फासल्यासारखा दिसतो आणि बाई ते दुसऱ्या दिवशी लावत नाही.

खाण्याची छापील यादी मी दिली नाही. एका वहीत काय खाल्लं आणि तासाभरात चेहरा कसा होता, एवढंच लिहायला सांगितलं. मुलीने लिहिलं. त्यातून असं निघालं की कळण्याची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा त्यांना चालतो, गार झालेलं भरीतही चालतं. शेवभाजीची वाफाळती तर्री चालत नाही. चहाचं कॅफिन दोषी नसतं. 1981 मध्येच दाखवलं गेलं की गरम कॉफीइतकीच लाली नुसत्या गरम पाण्याने येते आणि गार कॉफीने येत नाही. म्हणून चहा सोडायचा नाही, बशीत ओतून निववून प्यायचा. ही सूचना ऐकून त्यांच्या सासूबाई म्हणाल्या, आम्ही तर तसाच पितो.

आखाजीनंतर

आखाजीच्या आठवड्यात सासुरवाशिणी माहेरी येतात, घरोघरी आमरस आणि खापरावरची पोळी, त्यामुळे ऑर्डरी वर्षात सर्वांत जास्त, आणि ऊनही सर्वांत कडक. दोन मोठ्या ऑर्डरी ताईंनी नाकारल्या, बाकीच्या केल्या. नंतर तपासायला आल्या तेव्हा गाल लाल होते, पण दुसऱ्या दिवशी सकाळी उतरतात असं म्हणाल्या. पुळ्या दोन. पहिल्या फोटोशी तुलना केली तर स्थिर लाली निम्म्याहून कमी, नाकावरचे दोरे बहुतेक गेलेले, गालांची कातडी पहिल्यापेक्षा जाड. लव अजून आहे, तिला वेळ लागेल. ऑर्डर पोचवायला त्या आता पुन्हा स्वतः जातात.

सध्या आयव्हरमेक्टिन आठवड्यातून तीन रात्री, उरलेल्या रात्री फक्त मॉइश्चरायझर. कार्व्हेडिलॉल फिजिशियनच्या देखरेखीखाली चालू. उजव्या नाकपुडीजवळ एक नवा दोरा दिसू लागला आहे. त्याची बैठक दिवाळीनंतर, ऊन उतरल्यावर.